घरी सातचा पाढा घडाघडा, वर्गात तोंडाला कुलूप... काय करू?

ऐरोलीची_आई

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसती वाचत असते इथे, आज पहिल्यांदा लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. लेक तिसरीत आहे, सेमी इंग्रजी, शाळा ऐरोलीतच आहे, नाव सांगत नाही. दिवाळीपर्यंत सगळं ठीक होतं आणि सुट्टी संपल्यापासून रोज सकाळी सव्वासहाला पोट दुखतं. रोज म्हणजे रोज, पण रविवारी नाही. डॉक्टरांकडे नेलं, सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल, गॅस असेल म्हणाले आणि एक पातळ औषध दिलं, ते संपलंही.

आता खरा प्रॉब्लेम. घरी सातचा पाढा दात घासताना फेस उडवत म्हणते, अगदी उलटा विचारला तरी येतो. वर्गात उभं केलं की सात चोकपर्यंत येते आणि गप्प. मग बाकीच्यांचे होईपर्यंत उभं राहायचं. परवा तिची गणिताची वही बघितली तर एका उत्तरावर खोडरबर घासून घासून कागदाला भोक पडलंय, पलीकडच्या पानावरचा आकडा दिसतोय त्यातून. आणि गंमत म्हणजे आधी लिहिलेलं उत्तर बरोबर होतं, पेन्सिलीचा ठसा दिसतो ना, त्यावरून कळलं.

नवरा म्हणतो नाटकं आहेत, लाडावलीय. सासूबाई काल हसत हसत म्हणाल्या, आता काय ठाण्याला न्यायचं का तिला? (आम्ही इथून ठाण्याला भाजी आणायला जातो, पण सासूबाई माहेरच्या सातारच्या ना, त्यांच्यासाठी ठाणं म्हणजे अजून मेंटल हॉस्पिटलच.) मला हसू पण आलं आणि रात्री रडू पण आलं.

परीक्षा महिन्यावर आलीये. आधी भीती घालवू की आधी अभ्यास घेऊ? दोन्ही एकदम जमत नाहीये, मी पण रबाळ्याला नोकरी करते, घरी यायला सात वाजतात.

---

जुना_ठाणेकर

ताई, राग मानू नका पण हल्ली जरा जास्तच होतंय हे सगळं. आम्ही नौपाड्यात शिकलो, पाढा चुकला की अंगठे धरून उभं राहायचं, वर पाठीवर डस्टर ठेवायचे, पडला तर पट्टी. तीसपर्यंत पाढे, पावकी निमकी सगळं आजही पाठ आहे, वय चौसष्ट. भाजीवाल्याचं कॅलक्युलेटर निघायच्या आत माझा हिशोब होतो. पोरांना थोडा धाक हवाच, नाहीतर उद्या ऑफिसात बॉस ओरडला की तिथेही पोट दुखणार. चार दिवस लक्ष देऊ नका, आपोआप थांबेल.

---

फळा_आणि_खडू

काका, तुमच्यावर नंतर येते, आधी ताईंशी बोलू दे :)

ताई, मी महापालिकेच्या शाळेत शिकवते, सतरा वर्षं झाली, सध्या चौथी आहे माझ्याकडे, पटावर बावन्न. तुम्ही पाढ्याचं लिहिलंय, भोक पडलेल्या वहीचं लिहिलंय, पण मला वेगळंच विचारायचंय. तिची पाण्याची बाटली घरी येते तेव्हा किती भरलेली असते? डबा संपतो का? आणि घरात शिरल्या शिरल्या ती आधी कुठे जाते?

हसू नका, उगाच विचारत नाहीये. आणि अजून एक, तुम्ही किंवा तिचे बाबा, ती आली की पहिला प्रश्न काय विचारता? खरं खरं सांगा, इथे कोणी ओळखत नाही आपल्याला.

---

ऐरोलीची_आई

बाटली!!! ताई, बाटली रोज भरलेलीच येते. मला वाटायचं शाळेतलं कूलरचं पाणी पिते. आणि घरी आली की दप्तर पाठीवर तसंच, बूट न काढता बाथरूमकडे पळते, सासूबाई रोज ओरडतात त्यावरून, लादी पुसलेली असते ना.

पहिला प्रश्न... मी फोनवर असते तेव्हा ऑफिसातून, "आज पाढा विचारला का? आला का?" हेच विचारते. लिहिताना लाज वाटली.

---

फळा_आणि_खडू

लाज कशाला, मी शिक्षिका असून माझ्या मुलाला दहावीपर्यंत हेच विचारलं.

तर माझा अंदाज असा, चुकूही शकतो. वर्गात तासाला शू ला सोडत नसतील. किंवा सोडतात पण सगळ्यांसमोर हात वर करून विचारावं लागतं आणि मग "आत्ताच जाऊन आलीस ना" असं ऐकून घ्यावं लागतं. मुली यावर एक उपाय शोधून काढतात, पाणीच पीत नाहीत. आमच्याकडे पण बघितलंय, पाचवी सहावीच्या मुली तर सर्रास. मग पोट दुखतं, कॉन्स्टिपेशन होतं, लघवीला जळजळतं, आणि ज्या पोरीचं अर्धं लक्ष पोटाखाली दाबून धरण्यात गेलंय तिला सात पंचे काय आठवणार? उभं केल्यावर तर आणखीनच अवघड. म्हणून विचारलं. एकदा लघवीची तपासणी पण करून घ्या, इन्फेक्शन असेल तर कळेल, सोनोग्राफीत ते दिसेलच असं नाही.

माझ्या वर्गात दाराजवळच्या खिळ्याला दोन लाकडी पट्ट्या टांगल्यात, एक मुलींची एक मुलांची. ज्याला जायचंय त्याने पट्टी उचलायची, जायचं, आल्यावर परत टांगायची, मला विचारायचं नाही. पहिल्या आठवड्यात नुसती जत्रा होती, एक कार्टं तर एका दिवसात अकरा वेळा जाऊन आलं. मी काहीच बोलले नाही, दात ओठ खात शिकवत राहिले. दुसऱ्या आठवड्यात त्यातली मजाच गेली. आता दिवसाला सात आठ जण जातात, तेही पटकन येतात.

मूल घाबरलं की आपण त्याला समजवायला बसतो, घाबरू नकोस बाळा, टीचर चांगल्या आहेत वगैरे. त्याने काहीही होत नाही. त्याला नेमकं कशाचं भ्या वाटतंय ती एक बारकी गोष्ट सापडावी लागते, आणि ती बहुतेक वेळा आपल्याला फालतू वाटेल अशी असते. दुसऱ्या वर्गातल्या एका मुलाला फक्त ट्यूबलाइटचा आवाज नको असायचा. एकीला तिच्या नावावरून हजेरीच्या वेळी हसायचे.

हजेरीवरून आठवलं, मी हजेरीला "हजर" म्हणू देत नाही, सकाळी काय खाल्लं ते सांगायचं. पोहे, चहा बटर, चपातीचा रोल. एक मुलगा सलग तीन दिवस "काही नाही" म्हणाला तेव्हा कळलं की त्याची आई दिघ्याहून पहाटेच कामाला जाते आणि हा खिचडी मिळेपर्यंत उपाशी असतो. त्याआधी महिनाभर मी त्याला आळशी समजत होते. हे लिहायलाही जड जातं पण खरं आहे.

---

मधली_सुट्टी

मी ठाण्यात शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते, फळाखडू ताईंनी नव्वद टक्के सांगितलंच आहे, मी फक्त दोन मुद्दे जोडते.

एक, पोट खरंच दुखतं. भीती वाटली की शरीर पळायच्या किंवा मारामारीच्या तयारीला लागतं, ॲड्रेनलिन वाढतं, पोटाकडचं रक्त हातापायाच्या स्नायूंकडे वळतं, पचन मंदावतं. म्हणून गोळा येतो, मळमळतं. सकाळी शाळेच्या आधी दुखणं आणि रविवारी न दुखणं यावरून "नाटक" हा निष्कर्ष निघत नाही, भीती कुठे आहे त्याचा पत्ता निघतो. बाबांना एवढं सांगा.

दोन, घरी येतं आणि वर्गात येत नाही याचं कारण. आकडेमोड करताना आपण काही गोष्टी डोक्यात तात्पुरत्या धरून ठेवतो, याला वर्किंग मेमरी म्हणतात आणि तिची जागा फार थोडी असते, मोठ्या माणसांची सुद्धा. मुलीच्या त्या जागेत "सगळे बघतायत", "मॅडम आता बोलणार", "शू लागलीये" हे तिघे आधीच येऊन बसलेत. सात चोक अठ्ठावीसच्या पुढचं पाऊल टाकायला जागाच उरत नाही. पाढा गेलेला नसतो, तो आतच असतो, बाहेर काढायला हात मोकळा नसतो.

आणि जुना ठाणेकर काकांसाठी, तुमचं अगदीच चूक नाहीये बरं का. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या दोघांनी उंदरांवर प्रयोग केला होता, चुकीच्या डब्यात शिरलं की विजेचा झटका. दोन डब्यांतला फरक ओळखायला सोपा होता तेव्हा झटका जोराचा तसे उंदीर लवकर शिकले. फरक ओळखणं अवघड केलं तेव्हा जोराच्या झटक्याने शिकणं उलट लांबलं, हलका झटका बरा ठरला. पुढे लोकांनी त्यावरून बरेच मोठे मोठे निष्कर्ष काढले ते सोडा, पण घोकंपट्टीला तुमचा डस्टर चालला असेल आणि शाब्दिक उदाहरणाला चालणार नाही, हे मला माझ्या कामात रोज दिसतं. थोडं टेन्शन हवं, हो. परीक्षेच्या आदल्या दिवशी अजिबातच टेन्शन नसलेलं मूल पुस्तकच उघडत नाही.

---

जुना_ठाणेकर

म्हणजे आम्ही उंदीर का? 😀 बरं. पण एक कबूल करतो, पाढे पाठ आहेत पण भूमितीत मी कायम काठावर. प्रमेय सिद्ध करायला फळ्याजवळ बोलावलं की खडू हातातून निसटायचा. त्याचा याच्याशी संबंध असेल असं कधी डोक्यात आलं नव्हतं. असेलच असं अजूनही म्हणत नाही.

बाकी माझा मुद्दा कायम, सगळंच गोडीगुलाबीने होत नाही.

---

फळा_आणि_खडू

काका, गोडीगुलाबी कोण म्हणतंय, माझा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो. बावन्न पोरांत ओरडावं लागतंच. पण कशासाठी ओरडले हे मुलाला कळलं पाहिजे आणि ओरडून झाल्यावर मी पुन्हा आधीसारखी आहे हेही दिसलं पाहिजे. आदल्या दिवशी मी कोणाला झापलं असेल तर दुसऱ्या दिवशी खडूचा डबा आणायला मुद्दाम त्यालाच पाठवते. काही बोलायला लागत नाही.

आणि उभं करून ठेवणं, वर्गासमोर लाजवणं हे कायद्यात पण बसत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७, मारणं आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे, २०१० पासून लागू आहे. पण ताई, हे कलम घेऊन उद्या शाळेत जाऊ नका एवढं ऐका माझं. गरज पडली तर आहेच ते.

---

खारघरचा_बाबा

छान चाललीये चर्चा. माझा मुलगा पण काही सांगायचा नाही, "कसं गेलं" विचारलं की "ठीक". जेवणाच्या टेबलावर समोर बसवून विचारायचो, म्हणजे इंटरव्ह्यूच की तो. एकदा स्कूटरवरून बेलापूरला क्लासला सोडताना मागे बसून स्वतःहून बोलायला लागला, माझं तोंड रस्त्याकडे ना, त्याला माझा चेहरा दिसत नव्हता. तेव्हापासून सगळ्या महत्त्वाच्या गोष्टी आमच्या स्कूटरवरच होतात. हेल्मेटमुळे अर्धं ऐकू येत नाही, पण मध्ये बोलत नाही मी, "हं" एवढंच. सिग्नलला थांबलं की तो गप्प होतो, सुटला की परत चालू 😂

ऐरोली ताई, समोर बसवून विचारू नका, काहीतरी करताना शेजारी राहा.

---

ऐरोलीची_आई

काय लिहू कळत नाहीये. शनिवारी सेक्टर आठच्या मार्केटमधून मेथी आणली होती, निवडायला दोघी जमिनीवर पेपर टाकून बसलो. मी काही विचारलं नाही, तुमच्या सांगण्याप्रमाणे मान खाली घालून काड्या मोडत बसले. दहा मिनिटांनी तीच म्हणाली, "आई, मोठेपणी ऑफिसात शू ला विचारून जावं लागतं का?"

मी म्हटलं नाही गं. मग हळूहळू सगळं निघालं. दिवाळीनंतर नवीन बाई आल्यात. तासाला सोडत नाहीत, मधल्या सुट्टीतच जायचं, आणि मधल्या सुट्टीत मोठ्या मुलींची लाइन असते, हिचा नंबर लागेपर्यंत बेल होते. एकदा अगदीच राहवलं नाही म्हणून हात वर केला, बाईंनी "थांब पाढा संपू दे" म्हटलं आणि त्याच तासाला हिला उभं केलं. कपड्यात झाली नाही पण होईल की काय या भीतीने पाय जुळवून उभी होती म्हणे. पाढा सातचाच चालू होता.

मला सांगितलं का नाहीस विचारलं तर जे बोलली ते माझ्या डोक्यातून जात नाहीये. पहिलीत असताना एक मुलगा हिचा डबा घ्यायचा, मी तेव्हा पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चांगला मोठा मेसेज टाकला होता, बाईंना टॅग करून. दुसऱ्या दिवशी वर्गात "हिच्या मम्मीने तक्रार केलीये, हिच्याशी जरा जपून हं" असं झालं, आणि आठवडाभर कोणी हिच्या शेजारी बसलं नाही. मला पत्ताच नव्हता. मला वाटत होतं मी आई म्हणून किती भारी काम केलं. तिने तेव्हापासून ठरवून टाकलं की आईला सांगितलं की वाढतं.

आता मला शाळेत जायचंय पण हात थरथरतायत. कसं बोलू?

---

फळा_आणि_खडू

पोरीने सांगितलं ना, अर्धं काम तिथेच झालं.

आता शाळेचं. ग्रुपवर एक अक्षर नाही. शाळा सुटल्यावर जा, भरताना नाही, भरताना शिक्षकाचं डोकं ठिकाणावर नसतं. जाण्याआधी लेकीला विचारा, "मी बाईंशी बोलू का, काय बोललं तर तुला चालेल?" ती नको म्हणाली तर दोन दिवस थांबा, तिच्या पाठीमागून जाऊ नका, नाहीतर पुन्हा तेच होईल.

बाईंना तिचं नाव पुढे करून सांगू नका. "डॉक्टरांनी पाणी जास्त प्यायला सांगितलंय, पाणी पिईल म्हणजे जावं लागणार, वर्गात काय पद्धत ठेवली आहे?" असं विचारा. मग म्हणा, सगळ्याच मुलींसाठी काही करता येईल का, लाइन फार असते म्हणतात. म्हणजे ते एका मुलीचं लाडाचं मागणं राहत नाही. बाई नवीन आहेत म्हणालात, वर्षाच्या मध्यात वर्ग हाती आला की माणूस घाबरलेलं असतं, एक पोर बाहेर सोडलं तर दहा जातील, मुख्याध्यापक कॉरिडॉरमधून बघतील, ही भीती असते. मी पण पहिल्या वर्षी कोणाला सोडायची नाही. बाईंना लाकडी पट्टीचं सांगून बघा, माझं नाव नका सांगू म्हणजे झालं.

नाहीच ऐकलं तर मुख्याध्यापकांना लेखी, आणि मग कलम १७ काढा पोतडीतून.

एक अवांतर, डी.एड. ला असताना आमची सहल कोसबाडला नेली होती, तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यातच होता, पालघर वेगळा झाला २०१४ ला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांचं काम. ताराबाईंनी १९४५ मध्ये त्याच भागातल्या बोर्डीला सुरुवात केली तेव्हा पाड्यावरची मुलं बालवाडीत यायचीच नाहीत, तर त्यांनी बालवाडीच उचलून पाड्याच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा. मोठ्या बहिणी कडेवर धाकटं भावंडं घेऊन यायच्या, तर त्यांना परत पाठवलं नाही, पाळणाघर काढलं शेजारीच. मला तेव्हा ते सगळं परीक्षेत पाच मार्कांच्या टिपेपुरतं वाटलं होतं. आता वर्गात एखादं मूल अडलं की आठवतं, त्या बायकांनी दर वेळी पोरं का येत नाहीत हे आधी बघितलं होतं, पोरांना बोल लावला नव्हता.

---

मधली_सुट्टी

+१. आणि घरचा अभ्यास परीक्षेपर्यंत निम्मा करा. पाढा म्हणून घेताना तुम्ही एक ओळ, ती एक ओळ. मध्येच तुम्ही मुद्दाम चुका, तिला पकडू दे. बाबांनाही चुकू दे, त्यांचं खरंच चुकेल बहुतेक.

महिनाभरात पोटदुखी कमी नाही झाली, झोप उडाली, किंवा आवडीचं खेळणं सुद्धा नकोसं झालं तर थांबू नका, भेटा कोणाला तरी. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. फोनवर बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात. सासूबाईंना सांगा, ठाण्याला नेणं आता इतकं वाईट राहिलं नाहीये 🙂

---

ऐरोलीची_आई

अपडेट द्यायला आले. लघवीत थोडं इन्फेक्शन निघालं, पाच दिवसांचं औषध दिलंय. लेकीने परवानगी दिली, पण अट घातली की पाढ्याचं बाईंना काही बोलायचं नाही, म्हणून नाही बोलले. बाई वाटल्या तशा नव्हत्या, वयाने माझ्याहून लहान असतील, आधी जरा ताठ होत्या, डॉक्टरांचा कागद दाखवल्यावर म्हणाल्या मला कोणी सांगितलंच नाही. पट्टीचं ऐकून हसल्या. पट्टी नाही लावली, पण आता तिसऱ्या तासानंतर मुलींना पाच मिनिटं सोडतात.

पोट सोमवारी दुखलं, मंगळवारी दुखलं, बुधवारी नाही, आज परत थोडं. नवरा रात्री पाढा घेताना सात सक बेचाळीसला अडकला आणि ती इतकी हसली की सासूबाई आतून विचारायला आल्या काय झालं. वर्गात अजून सात चोकलाच अडतेय म्हणे. पण बसून म्हणू देतात आता, हे बाईंनी आपणहून केलं.

आज बाटली अर्धी रिकामी आली. मी काही बोलले नाही, धुवून पालथी घातली.

---

जुना_ठाणेकर

चांगलं झालं. बाटली कुठल्या कंपनीची आहे हो? नातवाची तीन महिन्यांत दुसरी गळायला लागलीये, दप्तर भिजतं आणि पुस्तकांचा लगदा होतो.